या आठवड्याचा अंक कोण काढणार?

१९०६ साल. मुंबईतून निघणाऱ्या ‘दीनबंधू’ या साप्ताहिकाचे संपादक वासुदेवराव बिर्जे वारले. घराला सुतक असतं, साप्ताहिकाला नसतं. आठ दिवसांनी वर्गणीदार अंकाची वाट पाहणार आणि छापखान्याचं बिल येणार ते येणारच. ‘दीनबंधू’ हे काही शेठ-सावकारांच्या पाठबळावर चालणारं पत्र नव्हतं. शेतकरी, गिरणी कामगार आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बहुजन समाजाचं ते पत्र. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक विचारांवर उभं राहिलेलं आणि कायम पैशांच्या ओढाताणीत असलेलं. असली पत्रं बहुतेक वेळा संपादकाबरोबरच जातात.

हे गेलं नाही. वासुदेवरावांच्या पत्नी तानुबाई संपादकाच्या खुर्चीत बसल्या. वय होतं तीसच्या आसपास. १९१२ पर्यंत, म्हणजे सलग सहा वर्षं, त्यांनी ‘दीनबंधू’ चालवला.

‘केसरी’ आणि ‘सुधारक’ आपण शाळेत पाठ केले. तानुबाई बिर्जे हे नाव मात्र पत्रकारिता शिकणाऱ्या मुलांनाही बऱ्याचदा परीक्षेपुरतं, ‘देशातल्या पहिल्या स्त्री-संपादक’ एवढ्या एका ओळीत भेटतं. ही ओळसुद्धा जरा जपून वाचावी. बंगालमध्ये स्वर्णकुमारी देवींनी १८८४ पासून ‘भारती’ हे मासिक सांभाळलं होतंच. पण स्त्रियांसाठीचं किंवा साहित्याचं मासिक वेगळं आणि राजकारणावर, सरकारवर, समाजातल्या बड्या लोकांवर दर आठवड्याला मत देणारं वर्तमानपत्र वेगळं. तिथे बाई संपादक म्हणून तानुबाईंचं नाव पहिलं येतं. मला मात्र त्या पहिल्या की दुसऱ्या यापेक्षा त्यांनी सहा वर्षं अंक कसा काढला असेल याचंच जास्त कुतूहल आहे.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मुक्तीलढ्याचा इतिहास वाचताना हाच प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो. तिथेही चळवळीची स्वतःची पत्रं होती, गोरे लोक ज्या बातम्या छापत नसत त्या छापणारी. तिथेही ती पत्रं काढण्यात, लिहिण्यात, विकण्यात बायका होत्या. आणि तिथेही फोटोत पुढच्या रांगेत पुरुषच दिसतात. हे दोन इतिहास शेजारी ठेवून वाचण्याची सवय महाराष्ट्राला नवी नाही. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिलं तेव्हा ते पुस्तक त्यांनी अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केलं होतं.

चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध

त्याच्याही अठरा वर्षं आधीची गोष्ट. अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं होतं. त्याच्या १८५५ च्या फेब्रुवारी आणि मार्चच्या अंकांत एक निबंध दोन भागांत छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. लिहिणारी मुक्ता साळवे, पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. वय सुमारे चौदा.

निबंधात ती देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते तरी सांग. वेदांवर आमचा हक्क नाही म्हणता, तर मग आम्ही धर्माविना आहोत असंच म्हणायचं का? पेशवाईतले अत्याचार ती एकेक करून मांडते, इमारतींच्या पायात माणसं पुरली जात त्याविषयी लिहिते. पण मला त्या निबंधातली सगळ्यात मोलाची जागा वेगळीच वाटते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसतं, थंडी-पावसात त्यांचे काय हाल होत असतील, असं ती लिहिते. त्या काळी अस्पृश्यतेवर कळवळून लिहिणारे पुरुष होते. बाळंतिणीची थंडी त्यांतल्या कुणाच्या लेखणीत आली नव्हती, ती या मुलीच्या आली. शेवटी ती आपल्या माणसांना सांगते की शिका, अज्ञान हाच आपला रोग आहे.

आता एक विरोधाभास पाहा. पत्र अमेरिकन मिशनचं. आणि १८५५ मध्ये खुद्द अमेरिकेत गुलामगिरी कायदेशीर होती, दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामांना लिहायला-वाचायला शिकवणं हा गुन्हा होता. मुक्ताच्या वयाची काळी मुलगी तिथे कापसाच्या शेतात असती आणि तिच्या हातात पाटी दिसली तर शिकवणाऱ्याला शिक्षा झाली असती.

मुक्ताचं एवढंच लिखाण आज आपल्या हाती आहे. पण छापलं गेलं म्हणून ते राहिलं.

पुढे १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं, तेही एका वर्तमानपत्रावर संतापूनच. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येच्या गुन्ह्यात शिक्षा झाली आणि ‘पुणे वैभव’ने समस्त स्त्रीजातीलाच धारेवर धरलं. ताराबाईंनी उत्तरादाखल पुस्तकच छापलं, ५०० प्रती, किंमत नऊ आणे. चळवळीतल्याच काही मंडळींना ते झोंबलं. जोतीराव मात्र ‘सत्सार’मधून ताराबाईंच्या बाजूने उभे राहिले. ताराबाईंनी त्यानंतर दुसरं पुस्तक छापलेलं नाही.

शेजारच्या घरातली मुलगी

तानुबाई या वातावरणात वाढल्या. जन्म १८७६ चा, पुण्यातला. वडील देवराव ठोसर हे सत्यशोधक समाजातले आणि फुले दांपत्याच्या शेजारचे. तानुबाई शिकल्या त्या फुल्यांच्या वेताळपेठेतल्या शाळेत. लग्नही सत्यशोधक पद्धतीने, भटजीशिवाय झालं. म्हणजे समाजसुधारणा ही त्यांना भाषणातून कळलेली गोष्ट नव्हती. शेजारच्या घरात रोज दिसणारी होती.

त्यांच्या हाती आलेल्या पत्राचीही गोष्ट सांगण्यासारखी आहे. ‘दीनबंधू’ १ जानेवारी १८७७ ला पुण्यात कृष्णराव भालेकरांनी सुरू केला. पदरमोड करून त्यांनी तो जेमतेम काही वर्षं रेटला. मग नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मुंबईला नेला. रविवारची सुट्टी आपण ज्यांच्यामुळे उपभोगतो तेच हे लोखंडे. गिरण्यांत तेव्हा आठवड्याची सुट्टीच नव्हती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणं केली आणि जूनमध्ये मालकांनी सुट्टी मान्य केली. त्या दोघींची नावं पाठ्यपुस्तकांत नाहीत.

१८९७ मध्ये लोखंडे गेले. त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईही गेल्या. पत्र वासुदेवराव बिर्ज्यांकडे आलं आणि १९०६ नंतर तानुबाईंकडे. संपादक झाल्यावर त्यांनी अंकाच्या माथ्यावर तुकोबांचे अभंग घेतले, बहुजनांच्या शिक्षणावर आणि राजकारणातल्या त्यांच्या वाट्यावर अग्रलेख लिहिले. लक्षात घ्या, स्त्रियांना मताचा अधिकार नव्हता. विधवेने उंबऱ्याबाहेर किती यावं यावर घराघरांत वाद होते. अशा वेळी एक विधवा दर आठवड्याला राजकारणावर अग्रलेख लिहीत होती.

१९१२ मध्ये त्यांची कारकीर्द थांबली आणि वर्षभरात त्या गेल्या.

अगदी त्याच १९१२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये काय झालं ते बघा. ‘कॅलिफोर्निया ईगल’ हे कृष्णवर्णीयांचं साप्ताहिक, १८७९ मध्ये सुरू झालेलं, म्हणजे ‘दीनबंधू’पेक्षा दोन वर्षांनी धाकटं. त्याचे संस्थापक जॉन नीमोर मृत्युशय्येवर होते. त्यांनी पत्र सोपवलं ते कार्यालयात वर्गण्या गोळा करणाऱ्या शार्लोटा स्पिअर्स या तरुणीकडे. पत्र कर्जात बुडालेलं, लिलावात त्याची किंमत आली ५० डॉलर. शार्लोटाने ते पुढे जवळजवळ ४० वर्षं चालवलं. लग्नानंतर तिचं आडनाव बास झालं आणि त्याच नावाने ती ओळखली जाते. काळ्या कुटुंबांना चांगल्या वस्तीत घर न मिळणं, कारखान्यात काम न मिळणं, पोलिसांची मारहाण, हे सगळं तिने छापलं. कू क्लक्स क्लॅनचं एक गुप्त पत्र तिने छापलं तेव्हा त्यांनी बदनामीचा खटला भरला आणि तो हरले. एकदा रात्री टोळकं कार्यालयात घुसलं, तेव्हा खणातलं पिस्तूल काढून तिने ते रोखलं. ते चालवायचं कसं हे तिला ठाऊक नव्हतं म्हणे! १९५२ मध्ये ती अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाची निवडणूक लढली. या पदासाठी उभी राहिलेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

होसकोट्याहून दिसणारं बेंगळुरू

आधीचा संपादक जातो आणि पत्र बाईच्या हाती येतं, ही गोष्ट मी लिहिते आहे त्या होसकोट्यापासून फार लांबची नाही. होसकोटे म्हणजे बेंगळुरूच्या पूर्वेचं गाव. कधीकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होतं आणि आता हमरस्त्याच्या कडेला गोदामांच्या रांगा आहेत. इथल्या मराठी घरांत कन्नड वर्तमानपत्र येतं, मोबाइलवर मराठी वाचतात. अशा घरांत ‘लंकेश पत्रिके’ हे नाव माहीत असतंच.

पी. लंकेश यांनी १९८० मध्ये हे कन्नड साप्ताहिक सुरू केलं. जाहिरात घ्यायची नाही हा नियम. वाचकाच्या पैशांवर पत्र चालायचं, त्यामुळे मंत्र्यापासून मठापर्यंत कुणालाही सोडायचं कारण नव्हतं. दलित आणि बंडाय साहित्याच्या चळवळीतल्या लेखकांना तिथे जागा मिळाली. बायकांनाही मिळाली. हासनच्या बानू मुश्ताक यांनी सुमारे दहा वर्षं या पत्रासाठी बातमीदारी केली. हो, त्याच बानू मुश्ताक, ज्यांच्या कथांच्या ‘हार्ट लॅम्प’ या इंग्रजी अनुवादाला २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. मुस्लिम घरांतल्या बायकांचं आयुष्य त्यांच्या कथांत येतं. लोकांच्या दारात जाऊन बातमी आणायची जुनी सवय त्या कथांमागे आहे, असं मला त्या वाचताना सतत जाणवतं.

जानेवारी २००० मध्ये लंकेश गेले. मुलगी गौरी तेव्हा दिल्लीत पत्रकारिता करत होती, तीही प्रामुख्याने इंग्रजीत. भावंडांच्या मनात पत्र बंद करावं असंही आलं होतं. पण ते चालवायचं ठरलं आणि गौरी संपादक झाल्या. आयुष्यभर इंग्रजीत लिहिलेल्या बाईला वयाच्या अडतिसाव्या वर्षी कन्नडमध्ये लिहायला नव्याने हात बसवावा लागला. २००५ मध्ये त्यांनी ‘गौरी लंकेश पत्रिके’ नावाने स्वतःचं साप्ताहिक काढलं. वडिलांच्या पत्राची सावली आणि कायमची पैशांची चणचण सांभाळत त्या बारा वर्षं लिहीत राहिल्या. ५ सप्टेंबर २०१७ च्या रात्री राजराजेश्वरीनगरातल्या घराच्या दाराशी त्यांना गोळ्या घालून मारण्यात आलं.

गुलाबी कागद

संपादक बाईला गप्प करायचं ही रीत जुनी आहे. त्याआधी सव्वाशे वर्षं, १८९२ मध्ये, अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात आयडा बी. वेल्स या तरुणीचा छापखाना जमावाने फोडला.

आयडाचा जन्म १८६२ चा, गुलाम आईबापांच्या पोटी. ती सोळा वर्षांची असताना पिवळ्या तापाच्या साथीत आई-वडील दोघंही गेले. वय वाढवून सांगून ती शाळेत शिक्षिका झाली आणि भावंडांना पोसलं. पुढे ‘फ्री स्पीच’ या पत्रात ती भागीदार आणि संपादक झाली. तिच्या आठवणींतला एक तपशील मला फार आवडतो. ज्यांना वाचता येत नसे असे लोकही पत्र विकत घेत, घरी नेऊन कुणाकडून वाचून घेत. पण विक्रेते त्यांना फसवून भलतंच वर्तमानपत्र हातात देत. म्हणून तिने ‘फ्री स्पीच’ गुलाबी कागदावर छापायला सुरुवात केली. अक्षर येत नसलं तरी रंग ओळखता येतो! आपल्याकडे चाळीत एकाने मोठ्याने वाचायचं आणि दहा जणांनी ऐकायचं, तसाच हा वाचकवर्ग.

मार्च १८९२ मध्ये तिचा मित्र टॉमस मॉस आणि त्याचे दोन सहकारी झुंडबळी ठरले. गुन्हा काय, तर त्यांचं किराणा दुकान चांगलं चालत होतं आणि समोरच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटत होतं. त्या काळी झुंडबळीची बातमी गोऱ्यांच्या पत्रांत यायची ती ठरलेल्या साच्यात: काळ्याने गोऱ्या बाईवर हात टाकला, लोक चिडले. आयडाचा मित्र मात्र साधा पोस्टमन आणि दुकानदार होता. मग तिने इतर घटनांची चौकशी सुरू केली. कुठे, कधी, कोण, आरोप काय आणि खरं काय. बहुतेक ठिकाणी आरोप बनावट निघाले. काळ्यांनी हे शहर सोडून जावं असं तिने लिहिलं आणि माणसं खरोखरच शहर सोडून निघाली. ट्रामवर बहिष्कार पडला, कंपनी हवालदिल झाली. मे महिन्यात तिने त्या ठरलेल्या आरोपावरच बोट ठेवलं. ती बाहेरगावी असताना जमावाने कार्यालय उद्ध्वस्त केलं. परत आलीस तर जीव घेऊ, अशी धमकीही आली.

ती परतली नाही. न्यूयॉर्कच्या ‘न्यूयॉर्क एज’मधून तेच पुन्हा लिहिलं, आकड्यांसकट. २०२० मध्ये, मृत्यूनंतर ८९ वर्षांनी, तिला पुलित्झरचा विशेष सन्मान मिळाला.

शेणाच्या पाट्या आणि अग्रलेख

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ काढला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. मग ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’, आणि १९५६ मध्ये त्याचंच नाव ‘प्रबुद्ध भारत’. हा क्रम चळवळीतल्या मुलांना तोंडपाठ असतो. मला इथे वेगळी एक नोंद दाखवायची आहे. १९२८ मध्ये ‘बहिष्कृत भारत’ आर्थिक अडचणीत आला तेव्हा बाबासाहेबांनी वाचकांपुढे हिशेब मांडणारा अग्रलेख लिहिला. पत्राचं तुमच्यावर ऋण आहे की नाही, असा त्याचा सूर. त्यात ते रमाईंबद्दल लिहितात. मी परदेशात शिकत असताना तिने संसाराची काळजी वाहिली, डोक्यावर शेणाच्या पाट्या वाहिल्या, आणि आता पत्राच्या कामामुळे तिच्यासाठी दिवसातला अर्धा तासही मला काढता येत नाही.

पत्राच्या जमाखर्चात बायकोच्या डोक्यावरची पाटी मांडणारा संपादक मी तरी दुसरा वाचलेला नाही. रमाईंनी त्या पत्रात एक ओळ लिहिलेली नाही. पण तो अंक निघायला त्यांचा हातभार नव्हता, असं कोण म्हणेल?

हळूहळू बायका या पत्रांत बातमी म्हणून यायला लागल्या. डिसेंबर १९२७ च्या महाड परिषदेत त्या होत्या, १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होत्या. नागपूरकडे तर त्यांचीच आघाडी होती. जाईबाई चौधरी लहानपणी कामठी स्टेशनवर ओझी वाहायच्या. एका मिशनरी बाईने शिकवलं, त्या शिक्षिका झाल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात मुलींसाठी चोखामेळा कन्या शाळा काढली. १९३७ च्या अखेरीस नागपूरला अखिल भारतीय महिला परिषद भरली. तिथे स्त्रियांच्या हक्कांवर भाषणं झाली आणि जेवणाच्या पंगतीत जाईबाई व त्यांच्या मैत्रिणींना वेगळं बसवलं. १ जानेवारी १९३८ ला दलित स्त्रियांनी स्वतःची सभा घेऊन निषेध केला. २० जुलै १९४२ ला नागपुरातच सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. वीस-पंचवीस हजार बायका! ठराव होते घटस्फोटाच्या हक्काचे, अनेक बायका करण्याच्या चालीविरुद्ध, गिरणीतल्या बायकांना रजा मिळावी म्हणून, कायदेमंडळात स्त्रियांना जागा मिळाव्यात म्हणून. हिंदू कोड बिलावर संसदेत वाद पेटायला अजून काही वर्षं होती.

या सभांच्या बातम्या बड्या मराठी वर्तमानपत्रांत शोधून फारसं हाती लागत नाही. ‘जनता’मध्ये लागतं.

दोन पँथर

ओकलंडमध्ये एप्रिल १९६७ मध्ये ‘ब्लॅक पँथर’चा पहिला अंक निघाला. पुढे तो आठवड्याला लाखावर खपायचा. किंमत २५ सेंट, विकायचं काम रस्त्यावरच्या पोरापोरींचं. टारिका लुईस ही पक्षात आलेली पहिली मुलगी, वय सोळा. अंकातली चित्रं ती मटिलाबा या टोपणनावाने काढायची. पुढे पत्राच्या संपादनातही स्त्रिया आल्या, शेवटच्या संपादक जोनीना एब्रॉन याही स्त्रीच.

त्या नावावरूनच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला ‘साधना’च्या विशेषांकात राजा ढाले यांचा लेख आला आणि महाराष्ट्र हादरला. लेखाच्या मुळाशी परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रियांची झालेली विटंबना होती. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला कायद्यात जेवढा दंड आहे तेवढाही त्या स्त्रियांच्या अब्रूला नाही, हा त्यातला सवाल. लेख धारदार होता यात शंका नाही. पण त्या विटंबना झालेल्या स्त्रियांचं म्हणणं त्यांच्याच तोंडून कुठे आलं नाही, हेही तितकंच खरं. पँथरच्या सभांत बायका होत्या, मंचावर क्वचित.

चळवळीतल्या घरात बाईचं काय होतं ते मलिका अमर शेख यांनी १९८४ मध्ये ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’मध्ये लिहिलं. ब्लॅक पँथरच्या प्रमुखपदी पोचलेल्या इलेन ब्राउन यांनी १९९२ मध्ये आपली आत्मकथा लिहिली. दोघींना एकमेकींच्या घराची माहिती असण्याचं कारण नाही, पण बाहेर समतेचं बोलणाऱ्या पुरुषांबद्दलच्या दोघींच्या तक्रारी जुळतात.

रद्दीतलं वाचन

फलटणच्या बेबीताई कांबळे यांचं किराणा सामानाचं छोटं दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसलं की त्या रद्दीतली वर्तमानपत्रं वाचून काढायच्या. वाचता वाचता लिहायलाही लागल्या. नवऱ्याला कळलं तर खैर नाही, म्हणून वह्या दुकानात, घरात अडगळीत लपवून ठेवायच्या. वीसेक वर्षं त्या वह्या तशाच राहिल्या. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेतून फलटणला येऊन स्थायिक झालेल्या अभ्यासक बाईंना त्या समजल्या, आणि मग ‘स्त्री’ मासिकात ते लिखाण क्रमशः आलं. १९८६ मध्ये पुस्तक झालं, ‘जिणं आमुचं’. महारवाड्यातल्या बायकांचं सासर, बाळंतपण, भूक, आणि बाबासाहेबांच्या सभेनंतर बदललेलं घर. मुक्ता साळवेने १८५५ मध्ये दोन-चार ओळींत उल्लेख केलेली ती उघड्यावरची बाळंतीण इथे पानंच्या पानं भेटते.

त्याच सुमारास उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी पिशव्या उचलून फिरत होत्या. आंबेडकरी चळवळीत काम केलेल्या बायका शोधायच्या, त्यांच्या तोंडून ऐकायचं, टिपून घ्यायचं. मीनाक्षीताई ‘मैत्राणी’ हे मासिकही चालवत. त्यांचे यजमान वसंत मून यांनी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे सरकारी खंड संपादित केले, त्यामुळे जुन्या अंकांचं मोल त्या घराला माहीत होतं. म्हाताऱ्या बायकांना तारखा आठवायच्या नाहीत. आठवायचं ते वेगळंच: सभेला जाताना पोर कुणाकडे ठेवलं, भाकऱ्या किती बांधल्या, कोणतं लुगडं नेसलं. मग जुन्या पत्रांत सभेची बातमी शोधायची आणि दोन्हींचा मेळ घालायचा. १९८९ मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ छापून आलं. १९३१ च्या ‘चोखामेळा’ पत्राशी जोडलेल्या तुळसाबाई बनसोडे, जाईबाई चौधरी, सुलोचनाबाई डोंगरे ही नावं आज आपल्याला सहज मिळतात ती या दोघींच्या पायपिटीमुळे.

‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे अंक महाराष्ट्र सरकारने पुन्हा छापले आहेत, ग्रंथालयात मागितले तर मिळतात. तानुबाईंच्या सहा वर्षांतले ‘दीनबंधू’चे अंक मात्र फार थोडे हाती लागतात. जुन्या सत्यशोधक घरांतल्या ट्रंकेत, माळ्यावर, गावच्या वाचनालयाच्या बांधून ठेवलेल्या गठ्ठ्यांत आणखी काही असू शकतील. माळा आवरायला काढाल तेव्हा गठ्ठा रद्दीवाल्याला देण्याआधी वरचं नाव आणि तारीख वाचून घ्या. १९०६ ते १९१२ मधला ‘दीनबंधू’ निघाला तर जवळच्या विद्यापीठातल्या मराठी किंवा इतिहास विभागाला लगेच फोन करा.